भेटीनंतरचे बारा तास

कार्यक्रम तासाभराचा असतो. कॉलेजच्या परीक्षा जवळ आल्या, एखाद्या कंपनीला कर्मचाऱ्यांसाठी काहीतरी हलकंफुलकं करायचं असलं, वृद्धाश्रमाचा वर्धापनदिन आला, की प्राण्यांच्या निवारा केंद्रातला फोन वाजतो. चार-पाच कुत्री घेऊन या, लोकांना बरं वाटेल. केंद्रालाही ते हवंच असतं. नाव होतं, कुणी देणगी देतं, एखादं कुत्रं दत्तक जातं. स्वयंसेवक गाडी काढतात, कुत्र्यांच्या गळ्यात रंगीत रुमाल बांधतात, फोटो निघतात आणि संध्याकाळी कुत्रं परत पिंजऱ्यात जातं. त्या रात्री ते जेवलं का, झोपलं का, सकाळी पिंजरा धुणाऱ्या माणसावर गुरगुरलं का, हे बघायला कार्यक्रमातलं कुणीही तिथे नसतं.

अशा कार्यक्रमाला होकार द्यायचा की नकार, हे त्या पुढच्या बारा तासांवरून ठरवावं, असं आमचं मत आहे. तसं ठरवायला बसलं तर आज चालणाऱ्या तासाभराच्या भेटींपैकी बऱ्याच बंद कराव्या लागतील. त्यात खर्ची पडणारे स्वयंसेवकांचे तास मग दोन कामांकडे वळवता येतील: जनावराचा कुणाच्या तरी घरी एक-दोन रात्रींचा मुक्काम, आणि केंद्रातच त्याच्या पिंजऱ्यापाशी शांतपणे बसणं.

माणसाला फायदा होतो, यावर वाद नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांचे चार गट करून केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्या-मांजरांना दहा मिनिटं प्रत्यक्ष हात लावायला मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, इतर गटांपेक्षा कमी भरलं. पण हे मोजमाप माणसाच्या लाळेचं आहे. जनावराचं कॉर्टिसॉल वेगळं मोजावं लागतं, आणि ते मोजल्यावर चित्र बदलतं.

ते मोजलेलंही आहे. २०१९ सालीच अमेरिकेतल्या पाच केंद्रांमधल्या २०७ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या तरी घरी पाठवलं होतं. मुक्कामाच्या काळात त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल उतरलं. सलग झोपेचा सर्वांत मोठा तुकडा त्यांना त्या घरातच मिळाला. केंद्रात परतल्यावर कॉर्टिसॉल पुन्हा चढलं, पण पूर्वीच्या पातळीच्या वर गेलं नाही. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण ‘घराची चव दाखवून परत पिंजऱ्यात टाकलं तर त्याला जास्तच दुःख होईल’ ही शंका अनेक चांगली माणसं बोलून दाखवतात आणि मुक्कामाला नाही म्हणतात.

त्याच संशोधकांच्या चमूने २०२१ साली सुमारे अडीच तासांच्या सहली तपासल्या. कुत्र्याला केंद्राबाहेर न्यायचं, फिरवायचं, परत आणायचं. इथे कॉर्टिसॉल उतरलं नाही, उलट सहलीच्या काळात किंचित वाढलेलं दिसलं. अशा छोट्या सहली म्हणजे विश्रांती नसून कदाचित ताणाचंच एक कारण असू शकतात, असं संशोधकांनी स्वतः लिहिलं. गाडी, अनोळखी हात, अनोळखी वास, नवा रस्ता, सतत काहीतरी हलतंय आणि झोप नाही, असा हा अडीच तासांचा मामला. शेपूट हलते म्हणून आपण त्याला मजा म्हणतो. उत्तेजना आणि आनंद बाहेरून सारखेच दिसतात.

गुंता पुढे आहे. २०२३ साली ५१ केंद्रांचा अभ्यास आला. सहलीला गेलेली कुत्री दत्तक जाण्याची शक्यता पाचपट आणि घरी मुक्कामाला गेलेल्यांची चौदापट आढळली. अशा आकड्यांकडे बघताना एक शंका जागी ठेवावी: बाहेर नेण्यासाठी हात सहसा गोड स्वभावाच्या कुत्र्याकडेच जातो, आणि ते कदाचित तसंही लवकर गेलं असतं. तरीही फरक मोठा आहे. म्हणजे सहलीने कुत्र्याला आराम मिळत नाही, पण घर मिळायला मदत होते. सहल ही जाहिरात आहे. जाहिरातीत काही वाईट नाही. फक्त तिला ‘बिचाऱ्याला जरा मोकळं वाटेल’ असं म्हणू नये. जाहिरात म्हटलं की प्रश्न आपोआप नीट पडतात. ही जाहिरात कोणतं कुत्रं झेपवू शकेल? समोर बसलेल्यांपैकी दत्तक घेऊ शकणारे किती? वसतिगृहात राहणाऱ्या, कुत्रं पाळायची परवानगीच नसलेल्या दोनशे मुलांपुढे केलेली जाहिरात कुणासाठी आहे?

या सगळ्या गोंधळाचं मूळ एका चुकीच्या तुलनेत आहे. रुग्णालयात किंवा शाळेत जाणारं ‘थेरपी डॉग’ लोकांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे केंद्रातलं कुत्रंही तेच काम करील असं वाटतं. बोरिस लेव्हिन्सन या बालमानसतज्ज्ञाने १९६० च्या दशकात कुत्र्याच्या साथीने उपचार करण्याविषयी लिहायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या खोलीत बसलेला जिंगल्स हा त्याचा स्वतःचा कुत्रा होता. जनावर आणि त्याचा माणूस यांची जोडी हाच त्या कामाचा पाया आहे. ‘पेट पार्टनर्स’ ही अमेरिकी संस्था कुत्र्याची नोंदणी करते ती ते किमान एक वर्षाचं असेल आणि किमान सहा महिने त्या माणसाच्या घरात राहिलेलं असेल तरच. कारण उघड आहे. कान किंचित मागे गेले, श्वास बदलला, आता पुरे झालं, हे त्या जनावराला सहा महिने पाहिलेल्या माणसालाच कळतं. केंद्रातलं कुत्रं तीन दिवसांपूर्वी आलेलं असतं आणि त्याचा पट्टा हातात असलेल्या स्वयंसेवकाची त्याच्याशी ओळख त्याच सकाळी झालेली असते. १९९७ च्या एका अभ्यासात, केंद्रात आल्यानंतरचे पहिले तीन दिवस कुत्र्यांचं कॉर्टिसॉल नऊ दिवसांहून जास्त राहिलेल्या कुत्र्यांपेक्षा चढं आढळलं होतं. म्हणजे जे कुत्रं ‘नवीन आलंय, फार गोंडस आहे’ म्हणून कार्यक्रमाला पाठवावंसं वाटतं, तेच त्या दिवशी सर्वांत कमी तयार असतं.

मग स्वयंसेवकांनी करायचं काय? आधी साधा गुणाकार करावा. निवारा केंद्रांच्या मनुष्यबळाचा हिशेब करताना वापरला जाणारा जुना अंदाज असा, की एका जनावराला रोज किमान १५ मिनिटं लागतात: ९ मिनिटं सफाईला आणि ६ खाण्यापाण्याला. साठ जनावरांचे झाले १५ तास. यात औषध नाही, फिरवणं नाही, कपडे धुणं नाही, फोन नाही. कार्यक्रमाला सकाळी चार अनुभवी स्वयंसेवक पाच तासांसाठी बाहेर गेले, की वीस तास गेले. मागे राहिलेली पन्नास-पंचावन्न जनावरं त्या दिवशी उशिरा स्वच्छ होतात, काही बाहेर निघतच नाहीत. पाच कुत्र्यांच्या फोटोंमागे ही पंचावन्न असतात.

यावर नेहमीचं उत्तर येतं: लोकांना बादली आणि ब्रश दिला तर ते दुसऱ्यांदा येणार नाहीत, त्यांना जनावराला हात लावायचा असतो. खरं आहे, काही जण येणार नाहीत. पण पहिल्या तीन-चार वेळा धुण्याचं, भांडी घासण्याचं, चादरी बदलण्याचं काम देण्यामागे शिस्तीपेक्षा वेगळं कारण आहे. पिंजऱ्यासमोर वाकून भांडी उचलताना माणूस चाळीस कुत्री बघतो. कोणतं कोपऱ्यात अंग चोरून बसलंय, कोणतं जाळीवर झेप घेतंय, कोणतं उभं आहे पण शरीराचा भार मागच्या पायांवर ठेवून, हे त्याच्या डोळ्यांत भरत जातं. थेट पट्टा हातात दिलेल्या माणसाला हे दिसत नाही, कारण तो प्रेमाने पाहत असतो.

देहबोलीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चावे इथेच होतात. अन्न समोर नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत पाहणं, अंग कोरडं असताना झाडणं, शेपूट दोन पायांत, आणि सर्वांत धोक्याचं म्हणजे अचानक थिजणं. थिजलेल्या कुत्र्याला लोक ‘किती शांत आहे’ म्हणतात आणि तोंड जवळ नेतात. गुरगुरणं ही त्याची शेवटच्या काही सूचनांपैकी एक. गुरगुरल्यावर ओरडलं तर कुत्रं चिडायचं थांबत नाही, सांगायचं थांबतं. पुढच्या वेळी ते न सांगता चावतं आणि मग नोंदवहीत ‘विनाकारण चावलं’ असं लिहिलं जातं.

हात लावण्याची एक चाचणी आहे. लहान मुलांनाही शिकवता येते. छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद हलकं कुरवाळा, हात काढून घ्या आणि थांबा. कुत्रं पुढे सरकलं, अंग टेकवलं, तर आणखी तीन सेकंद. जागेवर राहिलं, तोंड फिरवलं, ओठ चाटले, तर नाही. ‘काहीच केलं नाही’ हेही नाहीच धरायचं. डोक्यावरून हात फिरवणं, मिठी मारणं, वरून वाकणं या माणसांच्या आवडी आहेत. ही चाचणी गर्दीत चालत नाही, हीच मोठी अडचण. एकाच कुत्र्याभोवती बारा जण असले, की अकरा जणांनी चाचणी नीट केली तरी बारावा मिठी मारतो. म्हणून एका वेळी एका कुत्र्यासमोर दोनपेक्षा जास्त माणसं नकोत आणि कुत्र्याच्या मागे मोकळी जागा हवी. माघार घ्यायला वाट नसलेलं कुत्रं चावायला पुढे येतं.

कुत्रं सुटून पळणं हा दुसरा धोका, आणि तो जवळजवळ नेहमी दारापाशी किंवा गाडीपाशी घडतो. घाबरलेलं कुत्रं पुढे ओढत नाही, मागे सरतं. मागे सरताना साधा पट्टा डोक्यावरून निघून येतो. त्यामुळे मानेचा पट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही घालावेत आणि लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, दोन्हींना जोडावी. एक निसटलं तर दुसरं राहतं. गळ्याचा पट्टा दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट. लीश साधी, दीड ते दोन मीटर. गुंडाळी होणारी, बटण दाबून लांबवायची लीश केंद्राच्या कुत्र्यांसाठी नकोच. तिचं जड हँडल हातातून सुटलं की रस्त्यावर खडखडत कुत्र्याच्या मागे धावतं, आणि कुत्रं त्या आवाजाला घाबरून आणखी पळतं. गाडीत कुत्रं पेटीत किंवा बांधलेलं असावं, आणि दार उघडण्याआधी लीश हातात असावी. दार उघडून मग हुक शोधणं हा चुकीचा क्रम आहे. उभ्या गाडीत कुत्रं ठेवू नये, ऊन फारसं नसलं तरी. बाहेर २१ अंश सेल्सियस असताना बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे ३२ आणि अर्ध्या तासात ४० अंशांपर्यंत जातं.

मांजरांना कार्यक्रमाला नेऊ नये. यात आम्हाला दुसरी बाजू दिसत नाही. मांजराची सुरक्षितता माणसात कमी आणि जागेत जास्त असते. नव्या जागेत नेलेलं मांजर टोपलीत मुटकुळं करून बसतं आणि लोकांना वाटतं ते झोपलंय. १९९७ साली केसलर आणि टर्नर यांनी केंद्रातल्या मांजरांचा ताण मोजायची सात पायऱ्यांची पट्टी तयार केली. त्या पट्टीवर असं दबून बसणं विश्रांतीच्या दुसऱ्या टोकाला येतं. एक मोजदाद अशी, की २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका केंद्रात नव्याने आलेल्या मांजरांपैकी ज्यांना लपायला साधा खोका मिळाला, ती न मिळालेल्यांपेक्षा लवकर स्थिरावली. पुठ्ठ्याचा खोका. मांजरांसाठी काहीतरी करू इच्छिणाऱ्या गटाला भेटीऐवजी हे काम द्यावं: योग्य मापाचे खोके कापणं, दर मांजरामागे नवा खोका ठेवणं, आणि मांजर दत्तक गेलं की त्याच्या वासाचा खोका सोबत देणं.

मांजरांच्या बाबतीत कार्यक्रमाची किंमत उशिरा वसूल होते, म्हणून ती कुणी कार्यक्रमाच्या खात्यावर मांडत नाही. पुष्कळ मांजरांच्या शरीरात नागीण जातीचा एक विषाणू सुप्त राहतो. ताण आला की साधारण आठवड्याभराने तो पुन्हा बाहेर पडू लागतो. शनिवारी मेळावा, पुढच्या शनिवारी तीन मांजरं शिंकतात, डोळे गळतात, त्याच्या पुढच्या आठवड्यात सगळी खोली. सगळे हवेला दोष देतात. मांजराजवळ बसायचंच असेल तर त्याच्याच खोलीत, जमिनीवर, एका वेळी एकाने. हाताने खेळवायचं नाही, काठीला दोरी बांधून खेळवायचं, तीन ते पाच मिनिटं, आणि शेवटी ते ‘शिकार’ पकडू द्यायचं. कुरवाळायचं ते गालांवर, हनुवटीखाली, कानांच्या मुळाशी. पोट आणि शेपटीचं मूळ सोडून द्यायचं.

पिल्लांवर गर्दी करणारे कार्यक्रम तर उघड चुकीचे आहेत. पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं. त्याला उठवून दहा हातांतून फिरवणं याला ‘सामाजिकीकरण’ असं भारदस्त नाव देतात. तीन ते सुमारे चौदा आठवडे हा पिल्लाने माणसं ओळखायचा काळ असतो हे खरं, पण त्यात ते शिकतं ते शांत, थोडक्या आणि स्वतः संपवता येणाऱ्या भेटींतून. दहा हातांतून ते एकच शिकतं, की नको म्हणून उपयोग नसतो. शिवाय लशींची मालिका साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालते. २०२४ साली इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने योगवर्गांत पिल्लं वापरण्याला मनाई केली ती याच काळजीतून. चांगलं केलं.

रोगांचा विषय आला आहे तर पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाबद्दल दोन शब्द, कारण स्वयंसेवकांची सर्वांत महागडी चूक इथे होते. हाताला अल्कोहोलचं सॅनिटायझर लावलं म्हणजे झालं, असा समज आहे. पार्व्होच्या विषाणूवर अल्कोहोल चालत नाही. तो जमिनीत, चपलेच्या खाचांत महिनोन्‌महिने टिकतो. साबण-पाण्याने हात धुवायचे आणि पिल्लांच्या खोलीत वेगळी पादत्राणं व अॅप्रन वापरायचे. फरशीसाठी घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी ३२ भाग, म्हणजे लिटरला साधारण ३० मिलिलिटर, आणि ते १० मिनिटं ओलं राहू द्यायचं. आधी शी, केस, अन्न साबणाने धुऊन काढलं नसेल तर ब्लीच त्या घाणीवरच खर्च होतं. मिश्रण रोज नवं करायचं, उन्हात ठेवलेलं कालचं निरुपयोगी. कामाचा क्रमही ठरलेला: आधी निरोगी पिल्लं, मग निरोगी मोठी, मग नव्याने आलेली, शेवटी आजारी. पाहुण्यांना फिरवताना हा क्रम हमखास उलटतो, कारण आजाऱ्याला बघून कळवळलेला माणूस सांत्वनासाठी पिल्लांच्या खोलीत जातो.

चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची, लगेच डॉक्टरकडे जायचं, आणि चावलेलं कुत्रं वा मांजर १० दिवस निरीक्षणाखाली ठेवायचं. त्या दहा दिवसांत त्याचा कुठलाही कार्यक्रम नाही, मुक्काम नाही, दत्तक नाही. रेबीजमध्ये ‘थोडंसंच खरचटलं’ असा वेगळा खाना नाही. तरीही स्वयंसेवक ओरखडे लपवतात, निष्काळजीपणापेक्षा मायेने. नोंद झाली तर कुत्र्याला ‘चावरं’ ठरवून मारतील, ही भीती असते. केंद्राने पहिल्याच दिवशी लेखी सांगावं, की चाव्याची नोंद झाली म्हणून कोणत्याही जनावराचा निकाल लागणार नाही, आणि मग ते पाळावं. पाळणार नसाल तर लपवालपवीबद्दल स्वयंसेवकांना बोल लावू नका.

आता जे करावं असं वाटतं त्याकडे. १९९९ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत मुलांनी प्रशिक्षित कुत्र्यासमोर बसून पुस्तक वाचण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढे मिसुरीतल्या ह्यूमेन सोसायटी या प्राणिकल्याण संस्थेने ती कल्पना केंद्रातल्या पिंजऱ्यांसमोर आणली: मूल बाहेर, कुत्रं आत, मधे जाळी. वरवर हा कार्यक्रम सर्वांत फिका वाटतो, कारण स्पर्श नाही. आमच्या मते तो सर्वांत चांगला आहे. मूल जमिनीवर, जाळीला कूस करून बसतं. समोरासमोर बसून डोळ्यांत बघणं कुत्र्याला आव्हान वाटतं. आवाज सपाट आणि सलग असतो. पंधरा-वीस मिनिटं काहीही घडत नाही. भिणारं कुत्रं आधी कोपऱ्यातून ऐकतं, मग मधे येतं, काही दिवसांनी जाळीपाशी आडवं होतं, आणि त्याने जवळ यायचं की नाही हे पूर्णपणे त्याच्याकडे राहतं. जाळीपाशी येऊन बसणारं कुत्रं बघायला आलेल्या कुटुंबाच्या नजरेत भरतं. पळत-भुंकत जाळीवर येणारं किंवा पाठ फिरवलेलं भरत नाही.

बिघडतं ते संख्येने. वीस मुलं एकदम आत आणली की एक कुत्रं भुंकतं आणि सगळी ओळ भुंकू लागते. बंद केनेलमध्ये, म्हणजे पिंजऱ्यांच्या खोलीत, आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. तिथे वाचन होत नाही आणि मुलांच्या कानांनाही ते बरं नाही. चार मुलं, चार लांब-लांबचे पिंजरे, एकेक करून आत यायचं, बसल्यावरच पुस्तक उघडायचं. खाऊ द्यायचा तर बोटांनी जाळीतून नाही. तो आत टाकायचा, आणि कुत्र्याच्या मागे पडेल असा, म्हणजे ते घ्यायला त्याला दूर जाता येतं आणि परत यायचं की नाही हे पुन्हा त्यालाच ठरवता येतं. जाळीला बोटं लावणाऱ्या मुलाला रागावण्यापेक्षा आधीच पट्टी मारून बसायची रेघ आखावी, जाळीपासून हातभर लांब.

घरच्या मुक्कामाबद्दल मात्र लोक उगाच बिचकतात. दोन रात्री हे चांगलं माप आहे. एका रात्रीत कुत्रं अंदाज घेण्यातच वेळ घालवतं. पाठवताना लस व जंतनाशक झालेलं, खोकला-जुलाब नसलेलं आणि केंद्रात काही दिवस काढलेलं कुत्रं निवडावं. सोबत तेच अन्न, वेळेनुसार मोजून बांधलेल्या पुड्यांत. अन्न बदललं की जुलाब होतात, जुलाब झाले की घरची माणसं घाबरतात आणि रात्री अकराला फोन येतो. पट्टा, हार्नेस, लीश, ओळखीचा बिल्ला, अंथरूण आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर.

घरच्यांना सांगायचं ते एवढंच, की हे दोन दिवस कंटाळवाणे जाऊ द्या. बिचाऱ्याला दोनच दिवस मिळालेत म्हणून लोक त्याला आंघोळ घालतात, समुद्रावर नेतात, मित्रांना बोलावतात, दुसऱ्या कुत्र्यांशी गाठ घालून देतात. त्याला हवी असते झोप. मुक्कामाच्या अभ्यासात कॉर्टिसॉल उतरलं आणि सलग झोप मिळाली, हे विसरू नये. घरात आधीचं कुत्रं किंवा मांजर असेल तर दोन दिवसांसाठी ओळख करून देण्याच्या फंदात पडूच नये, वेगळ्या खोलीत ठेवावं. नीट ओळख व्हायला दोन दिवसांहून जास्त लागतात आणि भांडणाला दोन सेकंद पुरतात. कुंपण असलं तरी बाहेर लीशवरच. पहिल्या रात्री रडलं तर दार लावून दूर जाऊ नये, त्याच खोलीत जमिनीवर गादी टाकावी. खाऊ हातात घेऊन त्याच्या भांड्याशी खेळू नये. जेवताना कुणी जवळ जायचं नाही, मुलं तर नाहीच.

जास्त काळाच्या सहवासाचं एक उदाहरण अनपेक्षित ठिकाणी सापडतं. १९८१ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्त्रियांच्या तुरुंगात बेघर कुत्र्यांना प्रशिक्षण देण्याचा उपक्रम सुरू झाला आणि नंतर तो अनेक तुरुंगांत पसरला. तो टिकला याचं श्रेय सहसा माणसाच्या हृदयपरिवर्तनाला दिलं जातं. आमच्या मते त्यामागे रुक्ष कारण आहे: तिथल्या माणसाकडे वेळ होता, तोच माणूस रोज होता आणि दिनक्रम बदलत नव्हता. या तीन गोष्टी बाहेरच्या स्वयंसेवकाला देता आल्या, तर महिन्यातून एकदा येऊन दहा कुत्र्यांना भेटण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा येऊन एकाच कुत्र्यापाशी अर्धा तास बसणं कितीतरी पटींनी उपयोगी ठरतं.

देणगीदार नाराज होतील, हा आक्षेप उरतो. मोठी रक्कम देणाऱ्या कंपनीला नाही कसं म्हणायचं? नाही म्हणताना हातात दुसरं काम असावं. तीस कर्मचाऱ्यांना कुत्र्यांभोवती उभं करण्यापेक्षा त्यांच्याकडून चादरी शिवून घ्या, खोके कापून घ्या, अन्नाच्या पुड्या बांधून घ्या, दत्तकासाठीची चांगली छायाचित्रं आणि मजकूर तयार करून घ्या. त्यातल्या दोघांना मुक्कामासाठी कुत्रं न्यायची तयारी आहे का, हे विचारून ठेवा. दोन होकार मिळाले तरी तो दिवस कुठल्याही मेळाव्यापेक्षा चांगला गेला. काही देणगीदार जातील. जे फोटोसाठीच आले होते ते फोटो मिळाल्यावरही गेलेच असते.

वृद्धाश्रम, रुग्णालय, विशेष मुलांची शाळा इथे केंद्रातलं कुत्रं नेऊच नये. तिथली त्वचा नाजूक असते, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतात, तोल जातो, आणि साध्या नखाचा ओरखडाही महागात पडतो. तिथे घरात राहिलेलं, तपासलेलं कुत्रं आणि त्याचा स्वतःचा माणूस अशी जोडीच जावी. केंद्राने ती जोडी ओळखीत शोधून द्यावी, हवं तर पूर्वी इथूनच दत्तक गेलेल्या कुत्र्यांमधून.

आणि कोणत्याही भेटीनंतर, मग ती वाचनाची असो की मुक्कामाची, एक कार्ड भरावं. त्यावर प्रश्न थोडेच असावेत. कुत्रं कुठे झोपलं आणि सलग किती वेळ? जेवण किती शिल्लक राहिलं? शी कशी होती? कशाला घाबरलं: टोपी, काठी, दुचाकी, पुरुषाचा आवाज? एकटं असताना काय केलं? जिना चढता आला का? दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातल्या माणसाने त्याच कार्डावर खाली भर घालावी: रात्री जेवलं की नाही, पिंजऱ्यात कुठे बसलं होतं, साफ करायला गेल्यावर पुढे आलं की मागे सरलं. हे कार्ड दत्तक घेणाऱ्या कुटुंबाला दाखवायचं असतं, तेव्हा ‘खूप गोड आहे’ एवढंच लिहिलेलं कार्ड परत भरून घ्यावं.